बगीच्याची नोंद एकदा लिहायची, चार ठिकाणी पोचवायची: प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या एका संत्रा बगीच्याची स्वतःची वेबसाइट आहे. बहार, पाणी, फवारणी, फळगळ, तोडणी आणि भाव यांच्या नोंदी तिच्यावर येतात. साइट ह्यूगो या साइट बनवणाऱ्या साधनावर बांधलेली आहे. प्रत्येक नोंद म्हणजे मजकुराची एक साधी फाइल, आणि फाइल गिटहब या फाइली ठेवण्याच्या सेवेवर चढली की साइट नव्याने तयार होते. वाचणारे मात्र रोज साइट उघडत नाहीत. गावातली माणसं व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर असतात, दुसऱ्या तालुक्यांतले बागायतदार टेलिग्रामवर, तर शेतीचा अभ्यास करणारे काही जण मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायवर. काम एवढंच आहे: नोंद साइटवर लागली की तिचा सारांश, फोटो आणि मूळ पानाचा दुवा या सगळ्यांपर्यंत, शक्य तिथे आपोआप, जावा.

उलटा रस्ता, म्हणजे फेसबुकवर लिहायचं आणि तिथून साइटवर ओढून आणायचं, हा घ्यायचा नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरांचे व्हिडिओ आणि जमवलेले प्रेक्षक एकदम हातचे गेले. कू हे भारतीय भाषांचं नेटवर्क जुलै २०२४ मध्ये बंद झालं. बगीच्याची नोंद पुढच्या बहाराला, त्याच्याही पुढच्या बहाराला काढून बघायची असते. ती आपल्या नावाच्या पत्त्यावरच राहिली पाहिजे. इंडीवेबची, म्हणजे स्वतःच्या साइटवर लिहिण्याचा आग्रह धरणारी, मंडळी या पद्धतीला पॉसी म्हणतात: आधी स्वतःच्या साइटवर, मग बाकी सगळीकडे.

८ जुलै

कोणत्या नेटवर्कचं दार किती उघडं आहे ते तपासलं.

मॅस्टोडॉन: सगळ्यात सोपं. खात्याच्या सेटिंगमध्ये डेव्हलपमेंट या भागात जाऊन नवं ॲप्लिकेशन करायचं आणि फक्त दोन परवानग्या द्यायच्या: पोस्ट लिहिणं आणि मीडिया चढवणं. वाचण्याची, फॉलो करण्याची परवानगी देऊ नका. टोकन, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणारी गुप्त चावी, फुटलं तर नुकसान तेवढंच कमी.

ब्लूस्काय: मुख्य पासवर्ड स्क्रिप्टला, म्हणजे पोस्ट टाकणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, द्यायचा नाही. सेटिंगमधून वेगळा ॲप पासवर्ड काढायचा. चार-चार अक्षरांचे चार गट, मध्ये आडवी रेघ, असा तो दिसतो. त्याने सेशन उघडायचं, म्हणजे लॉगिन करायचं, मग पोस्ट. सेशन उघडण्यावर ५ मिनिटांत ३० आणि दिवसाला ३०० अशी मर्यादा आहे, म्हणून प्रत्येक पोस्टला नवं सेशन न उघडता एका फेरीत एकदाच उघडायचं.

टेलिग्राम: बॉटफादर या टेलिग्रामच्याच खात्याकडून बॉट, म्हणजे प्रोग्रॅमने चालणारं खातं, घ्यायचा, चॅनलमध्ये ॲडमिन करायचा आणि त्याला पोस्ट टाकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार द्यायचा. बॉट नुसता चॅनलमध्ये आहे पण ॲडमिन नाही, असं असेल तर पोस्ट जात नाही.

फेसबुक: वैयक्तिक प्रोफाइलवर बाहेरच्या प्रोग्रॅमने पोस्ट टाकण्याची सोय १ ऑगस्ट २०१८ पासून बंद आहे. ग्रुपची सोय एप्रिल २०२४ मध्ये गेली. राहिलं फक्त पेज. त्यामुळे बगीच्याच्या नावाचं पेज हवं आणि त्यावर पोस्ट टाकण्याची परवानगी असलेलं टोकन हवं. जुने लेख वाचून प्रोफाइलवर पोस्ट करण्याचा खटाटोप कुणी करत असेल तर थांबवावा, ते दारच आता नाही.

व्हॉट्सॲप: गावातल्या नेहमीच्या ग्रुपवर किंवा चॅनलवर आपोआप टाकायला अधिकृत रस्ता नाही. त्याची नोंद पुढे वेगळी.

एक्स: २०२३ मध्ये जुनी मोफत सोय बंद झाली आणि नियम नंतरही बदलत राहिले. या बगीच्याचे वाचक तिथे नाहीत, म्हणून यादीतून काढलं.

१३ जुलै

सारांश कुठून घ्यायचा? तयार साधनं बहुतेक वेळा नोंदीची पहिली २००-३०० अक्षरं उचलतात आणि पुढे तीन टिंबं लावतात. कवितेला, प्रवासवर्णनाला हे चालेल. शेतीच्या नोंदीला अजिबात चालत नाही, आणि याबाबत तडजोड नको.

बोर्डो मिश्रणाचं उदाहरण घ्या. एक टक्का मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्हीत फरक फक्त पाण्याचा, आणि वाक्यात पाणी येतं शेवटी. यंत्राने वाक्य मधे कापलं तर दोन्ही नोंदी एकसारख्याच दिसतात. पेस्टच्या प्रमाणाचं पाणी धरून कुणी फवारलं तर पानं करपतील. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत माणसं दगावली. या भागात औषधाचा अर्धवट आकडा फिरवणं ही साधी चूक राहत नाही.

म्हणून नियम: सारांश माणसाने लिहायचा. फाइलच्या डोक्यावर, फ्रंट मॅटरमध्ये, त्यासाठी वेगळी ओळ ठेवली. ती रिकामी असेल तर नोंद साइटवर लागते, पण बाहेर कुठेही जात नाही. औषध आणि मात्रा यांबाबत दोनच पर्याय आहेत: एक तर पूर्ण प्रमाण, पाण्यासकट, किंवा आकडा अजिबात नाही, फक्त विषय आणि दुवा. स्क्रिप्टला एक साधी तपासणी दिली आहे: सारांशात किलो, ग्रॅम किंवा मिलि आलं पण लिटर किंवा पाणी आलं नाही, तर पोस्ट अडवायची आणि कळवायचं. तपासणी ढोबळ आहे. तोडणीच्या नोंदीतल्या किलोवरही ती अडते. अडू द्या. हाताने एकदा 'हो' म्हणायला वेळ लागत नाही.

१९ जुलै

अक्षरमोजणी. मराठीत आपोआप पोस्ट करताना सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो, कारण इंग्रजीत हा प्रश्न सहसा पडत नाही.

'संत्रा' हा शब्द घ्या. डोळ्याला दोन अक्षरं: सं आणि त्रा. युनिकोडमध्ये सहा कोडपॉइंट, म्हणजे यंत्र धरतं ती सुटी चिन्हं: स, अनुस्वार, त, हलंत, र, काना. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, म्हणजे १८ बाइट. यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत ६ एकक. आणि ग्राफीम, म्हणजे एकत्र दिसणारं अक्षर, मोजायला गेलं तर जुन्या नियमाने ३ (सं, त्, रा) आणि २०२३ च्या युनिकोड १५.१ नंतरच्या नियमाने २, कारण तेव्हापासून देवनागरीतली जोडाक्षरं एकच ग्राफीम धरली जातात. एका शब्दाची ही पाच मापं, आणि सगळी नेटवर्क यांतलं एकच माप वापरत नाहीत.

मॅस्टोडॉन: नेहमीची मर्यादा ५००, मोजणी ग्राफीमने. दुवा कितीही लांब असो, २३ धरला जातो. मराठीला ऐसपैस.

ब्लूस्काय: ३०० ग्राफीम, आणि वर ३,००० बाइटची दुसरी भिंत. मराठी मजकुरात सरासरी एका ग्राफीमला दोन कोडपॉइंट धरले तर ३०० ग्राफीम म्हणजे साधारण १,८०० बाइट. दुसरी भिंत सहसा लागत नाही. पण ग्राफीमचा जुना नियम की नवा, हे समोरच्या लायब्ररीवर ठरतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये जुन्या नियमाने मोजायचं आणि २८० वर थांबायचं. जोडाक्षरांनी भरलेला मजकूरही मग अडत नाही.

टेलिग्राम: साधा संदेश ४,०९६, फोटोखालचा मजकूर १,०२४. मोजणी ग्राफीमने नाही, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, हलंत सगळं वेगवेगळं मोजलं जातं. फोटोसोबतच्या नोंदीला १,०२४ ही खरी मर्यादा, आणि मराठीत ती दिसते त्यापेक्षा निम्मी आहे असं धरून लिहावं.

आता ब्लूस्कायचा दुवा. तिथे मजकुरात पत्ता लिहिला म्हणून दुवा तयार होत नाही. कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत दुवा आहे हे वेगळं सांगावं लागतं. त्याला फॅसेट म्हणतात. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत जागा शोधली की ती यूटीएफ-१६ मध्ये मिळते. 'संत्रा भाव ' एवढ्या मजकुरानंतर दुवा असेल तर जावास्क्रिप्ट सांगतं ११. खरा बाइट आहे २९ (१८ अधिक १ अधिक ९ अधिक १). ११ दिला तर दुवा 'संत्रा'मधल्या हलंताच्या तीन बाइटांच्या मधोमध सुरू होतो. मग कधी तो दिसतच नाही, कधी भलत्याच अक्षरांना लागतो. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर हे कधीच पकडलं जाणार नाही, कारण तिथे दोन्ही आकडे सारखेच येतात. उपाय: दुव्याआधीचा मजकूर वेगळा काढायचा, तो यूटीएफ-८ मध्ये बदलायचा आणि त्याची लांबी घ्यायची. हॅशटॅगलाही हेच, ब्लूस्कायवर हॅशटॅगसुद्धा फॅसेटच असतो.

कापायची वेळ आलीच तर कोडपॉइंट मोजून कापू नका. 'संत्रा' चौथ्या कोडपॉइंटवर कापला तर 'संत्' उरतं आणि पायमोडकं त् उघडं पडतं. नेहमी मोकळ्या जागेवर, म्हणजे अख्ख्या शब्दावर कापायचं. आपल्याकडे सारांश माणूस लिहितो, त्यामुळे कापायची वेळच येऊ नये. मर्यादा ओलांडली तर स्क्रिप्ट कापत नाही, परत पाठवते.

२० जुलै

कालच्या नोंदीला जोड. 'शेतकऱ्यांना', 'वाऱ्याने', 'दुसऱ्या' या शब्दांतला ऱ्य वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळा उतरतो. एका प्रकारात ऱ हा एकच कोडपॉइंट असतो, दुसऱ्यात र आणि खाली नुक्ता, तिसऱ्यात र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. डोळ्याला तिन्ही एकच. यंत्राला तीन वेगळे शब्द.

याचा त्रास दुबार ओळखताना होतो. नोंद फोनवर लिहिली, संगणकावर एक शब्द पुन्हा टाइप केला, की मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, बदलतो आणि स्क्रिप्टला वाटतं नोंद बदलली. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची युनिकोडची पद्धत) लावलं की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी र, हलंत, झेडडब्ल्यूजे हा क्रम शोधून ऱ आणि हलंत असा बदलण्याची ओळ स्वतः लिहावी लागते. ही ओळ एनएफसीच्या आधी ठेवली की नंतर, याने फरक पडत नाही, पण दोन्ही हव्यात. साइटवरच्या शोधालाही याचा फायदा झाला.

२७ जुलै

पाठवण्याचा क्रम ठरवला. साइट तयार करायची, होस्टिंगवर चढवायची, मग स्क्रिप्टने नव्या पानाचा पत्ता उघडून बघायचा: उत्तर २००, म्हणजे 'पान सापडलं', असं आलं पाहिजे आणि पानात शीर्षक व चित्राचे ओपन ग्राफ टॅग (दुव्याखालचा चौकोन बनवायला नेटवर्क वाचतात त्या खुणा) सापडले पाहिजेत. त्यानंतरच पोस्ट. हा तपास गाळला तर काय होतं? पोस्ट आधी जाते, फेसबुकचं यंत्र पान वाचायला येतं, त्याला 'पान सापडलं नाही' मिळतं, आणि तो रिकामा चौकोन त्याच्याकडे साठून राहतो. मग फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पुन्हा वाचायला लावावं लागतं.

मॅस्टोडॉनबाबत अजून एक गोष्ट. ते अनेक स्वतंत्र सर्व्हरांचं जाळं आहे, आणि दुव्याचं कार्ड, म्हणजे शीर्षक-चित्राचा चौकोन, प्रत्येक सर्व्हर स्वतंत्रपणे बनवतो. पोस्ट जितक्या सर्व्हरवर पोचेल तितके सर्व्हर थोड्याच वेळात आपल्या पानावर येऊन जातात. साधी, आधीच तयार केलेली पानं असतील तर काही होत नाही. प्रत्येक भेटीला डेटाबेस उघडणारी साइट स्वस्तातल्या होस्टिंगवर असेल तर मात्र कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) लावल्याशिवाय हे सुरू करू नये.

ब्लूस्कायवर कार्ड कुणीच बनवून देत नाही. शीर्षक, वर्णन, छोटं चित्र आणि पत्ता आपणच सोबत पाठवायचे. एका पोस्टला फोटो किंवा दुव्याचं कार्ड, दोन्हींपैकी एकच जोडता येतं. फोटो असलेल्या नोंदीला फोटो आणि मजकुरात दुवा, बिनफोटोच्या नोंदीला कार्ड, असं ठेवलं. फळगळीच्या, कोळशीच्या (पानांवर काळा थर आणणाऱ्या रोगाच्या) नोंदीत फोटोच मुख्य असतो.

३ ऑगस्ट

दुबार पोस्ट. आपोआप पोस्टिंगची बदनामी याच्यामुळेच होते. एकच नोंद तीनदा दिसली की वाचणारा म्यूट करतो, आणि म्यूट केलेला वाचक परत येत नाही.

दुबार होण्याची मुख्य कारणं चार.

पहिलं, सुरुवात. स्क्रिप्ट पहिल्यांदा चालते तेव्हा तिच्या दृष्टीने सगळ्याच नोंदी नव्या असतात आणि जुना सगळा साठा एकदम बाहेर पडतो. पहिल्या फेरीत न पाठवता सगळ्या नोंदींवर 'जुनी' अशी खूण करून घ्यायची.

दुसरं, ओळख बदलणं. पत्ता हीच ओळख धरली आणि साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली, किंवा शीर्षक दुरुस्त केल्याने पत्ता बदलला, तर नोंद पुन्हा नवी ठरते. आरएसएस, म्हणजे साइटच्या नव्या नोंदींची यादी, वाचणाऱ्या साधनांमध्ये हे नेहमी होतं. प्रत्येक नोंदीला फ्रंट मॅटरमध्ये कधीही न बदलणारा क्रमांक दिला आणि तोच ओळख धरला.

तिसरं, एकाच वेळी दोन फेऱ्या. गिटहब ॲक्शन्समध्ये (स्क्रिप्ट आपोआप चालवण्याची गिटहबची सोय) कॉन्करन्सी गट लावून एक फेरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होणार नाही असं करायचं, आणि चालू फेरी रद्द करण्याचा पर्याय बंद ठेवायचा. अर्ध्यात रद्द झालेली फेरी जास्त वाईट.

चौथं, आणि सगळ्यात अवघड: पाठवलं, पण उत्तर आलं नाही. विनंती पोचली, पोस्ट झाली, आणि परतीच्या वाटेत जोडणी तुटली. स्क्रिप्टला वाटतं चुकलं, ती पुन्हा पाठवते. यावर प्रत्येक नेटवर्कचा इलाज वेगळा:

मॅस्टोडॉनला विनंतीसोबत आयडेम्पोटन्सी-की पाठवता येते. तीच की पुन्हा आली तर सर्व्हर नवी पोस्ट न करता जुनीच परत देतो. ही आठवण तासभर टिकते, म्हणून पुन्हा प्रयत्न तासाच्या आत करायचे. नोंद-क्रमांक आणि नेटवर्कचं नाव जोडून की बनवली.

ब्लूस्कायवर प्रत्येक पोस्टला १३ अक्षरांची वेळेवर आधारित चावी (पोस्टची ओळख, पासवर्ड नव्हे) असते आणि ती आपण ठरवून देऊ शकतो. नोंदीच्या प्रसिद्धीच्या वेळेवरून चावी काढली की त्याच चावीने पुन्हा पाठवलं तरी दुसरी पोस्ट तयार होत नाही.

फेसबुक पेजवर पाठवण्याआधी पेजच्या शेवटच्या काही पोस्ट वाचून तोच दुवा आहे का ते बघायचं.

टेलिग्रामला यांपैकी काहीच नाही. बॉटला चॅनलचा मागचा इतिहासही वाचता येत नाही. तिथे उत्तर न आल्यास पुन्हा पाठवायचंच नाही. 'संशयित' अशी खूण करायची आणि माणसाने चॅनल उघडून बघायचं.

यासाठी पाठवण्याआधी 'पाठवतोय' आणि उत्तर आल्यावर 'पाठवलं' अशा दोन खुणा लागतात. फेरी सुरू होताना 'पाठवतोय' दिसली तर मधे काहीतरी तुटलं आहे. फक्त शेवटी खूण करणारी स्क्रिप्ट इथे फसते.

उत्तरांचे अर्थही वेगळे ठेवायचे. ४२९ म्हणजे घाई झाली. टेलिग्राम किती सेकंद थांबायचं तेही सांगतो, तेवढं थांबायचं. ५०० च्या घरातलं उत्तर म्हणजे त्यांच्याकडे अडचण, नंतर पुन्हा. ४०१ म्हणजे चावी गेली, आणि ४२२ म्हणजे आपल्या मजकुरातच दोष. या दोन्हींत पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही, माणसाला कळवायचं.

१० ऑगस्ट

फोटो. फोनमधला फोटो ४-५ एमबीचा असतो. १,२०० पिक्सेल रुंदी, जेपीईजी दर्जा ८० केला की बहुतेक फोटो ३०० केबीच्या आत येतात. ब्लूस्कायसाठी १० लाख बाइटची मर्यादा धरून चाललं की अडत नाही.

फोटोतली जागेची माहिती काढून टाकणं सक्तीचं. फोन प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लिहितो. तोडणीला आलेला बगीचा, विहिरीवरची मोटर आणि केबल नेमकी कुठे आहे हे जगाला सांगायची गरज नाही. बहुतेक नेटवर्क ही माहिती स्वतः काढतात, पण मूळ फोटो आपल्या साइटवरही असतो, तिथून कुणी काढत नाही. क्रम महत्त्वाचा: इमेजमॅजिकमध्ये आधी ऑटो-ओरिएंट, मग स्ट्रिप. उलटं केलं तर फोटो कुठल्या बाजूने उभा होता ही खूणही पुसली जाते आणि झाड आडवं पडलेलं दिसतं.

मॅस्टोडॉनवर फोटो आधी चढतो, पोस्ट नंतर. उत्तर २०२ आलं तर फोटो पोचला पण तयार नाही. तयार होईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, नाहीतर पोस्ट नाकारली जाते. फोटोचं वर्णन १,५०० अक्षरांपर्यंत देता येतं. ते मराठीत आणि खरं लिहायचं: 'पानाच्या खालच्या बाजूला काळ्या माशीची अंडी, गोलाकार मांडणीत' हे 'संत्र्याचं पान' यापेक्षा उपयोगी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ते आहेच, आणि ज्यांच्याकडे रेंज नसल्याने फोटो उघडत नाही त्यांनाही तेवढंच हाती लागतं.

१७ ऑगस्ट

स्क्रिप्ट चालवायची कुठे? घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवावी असा विचार होता. खेड्यातल्या विजेच्या लाइनीचा हिशेब धरून तो सोडला. लाइन लिहिता लिहिता गेली की एसडी कार्डावरची फाइल तुटते, आणि तुटलेली फाइल नेमकी 'काय पाठवलं' याचीच असते. दुसरं, पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नाही. लाइन आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते मागेच असतं. तेवढ्यात स्क्रिप्ट चालली तर पोस्टवर चुकीची वेळ पडते किंवा नवं सुरक्षा प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' म्हणून जोडणीच नाकारली जाते. ज्यांना घरीच चालवायची आहे त्यांनी डीएस३२३१ घड्याळाचा भाग जोडावा, वेळ जुळल्याशिवाय स्क्रिप्ट सुरू होऊ देऊ नये, आणि नोंदवही आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलावं.

गिटहब ॲक्शन्स घेतलं. नवी फाइल चढली की लगेच एक फेरी, आणि राहिलेलं उचलायला दिवसातून तीन फेऱ्या. क्रॉनची, म्हणजे वेळापत्रकाची, वेळ यूटीसीत (ग्रिनिचच्या वेळेत) दिली: आपले सकाळचे ७ म्हणजे १:३०, दुपारचा १ म्हणजे ७:३०, रात्रीचे ८ म्हणजे १४:३०. आपला अर्धा तास इथे कामी येतो, कारण तासाच्या ठोक्याला तिथे गर्दी असते आणि फेऱ्या उशिरा सुटतात. सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरच्या फाइलसाठ्यात, ६० दिवस हालचाल नसेल तर वेळापत्रकातल्या फेऱ्या आपोआप बंद होतात. बहार नसलेल्या महिन्यांत नोंदी थांबतात, तेव्हा हे लक्षात ठेवायचं.

वेळेचा अजून एक घोळ: नोंदीत सकाळचे ७ लिहिले पण प्रदेश लिहिला नाही, तर ह्यूगो ते यूटीसी धरतो. म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. पुढच्या वेळेची पानं ह्यूगो सहसा तयार करत नाही, त्यामुळे नोंद दुपारपर्यंत दिसतच नाही. साइटच्या सेटिंगमध्ये टाइमझोन आशिया-कोलकाता ठेवला की मिटतं.

'काय पाठवलं' ही यादी त्याच रिपॉझिटरीत परत लिहिली जाते, प्रत्येक पोस्टच्या पत्त्यासकट. त्यावरून मूळ पानाखाली 'ही नोंद इथेही आहे' अशी ओळ येते. ॲक्शन्सच्या स्वतःच्या टोकनने केलेला बदल नवी फेरी सुरू करत नाही. फेऱ्यांचं चक्र लागत नाही हे चांगलंच, पण ती ओळ साइटवर पुढच्या वेळी साइट तयार होईल तेव्हाच दिसते.

३१ ऑगस्ट

फेसबुकची चावी. साधं टोकन थोड्या वेळाचं असतं. ते लांब मुदतीच्या टोकनमध्ये बदललं की ६० दिवस. आणि त्या लांब मुदतीच्या टोकनवरून पेजचं टोकन काढलं की त्याला मुदत नसते. क्रम चुकवून थोड्या वेळाच्या टोकनवरून पेजचं टोकन काढलं तर तेही थोड्या वेळाचंच मिळतं. मुदत नसलेलं टोकनही खात्याचा पासवर्ड बदलला की मरतं. ॲप डेव्हलपमेंट अवस्थेत असेल तर पोस्ट फक्त ॲपशी जोडलेल्या माणसांनाच दिसते. आपल्याला दिसते, गावाला दिसत नाही. म्हणून चाचणी नेहमी दुसऱ्याच्या फोनवर.

सगळ्या चाव्या गिटहबच्या सीक्रेट्स या गुप्त कप्प्यात. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये विनंतीचा पूर्ण पत्ता छापू नये, कारण टेलिग्रामचं टोकन पत्त्यातच असतं.

१४ सप्टेंबर

दुरुस्ती. मूळ नोंद बदलली की प्रतींचं काय? मॅस्टोडॉनवर पोस्ट संपादित होते. टेलिग्रामवर बॉट स्वतःचा संदेश बदलू शकतो. फेसबुक पेजवर त्याच ॲपने टाकलेली पोस्ट त्याच ॲपने बदलता येते. ब्लूस्कायवर संपादन नाही. जुन्या पोस्टखाली उत्तर म्हणून दुरुस्ती टाकायची, आणि मात्रेची चूक असेल तर मूळ पोस्ट काढून नवी टाकायची.

शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या बाहेर पाठवायच्या नाहीत. फ्रंट मॅटरमध्ये 'दुरुस्ती' ही ओळ भरली तरच बदल प्रतींपर्यंत जातो. काढून टाकायचं असेल तर टेलिग्रामवर लवकर: ४८ तासांनंतर बॉटला संदेश काढता येत नाही, चॅनल उघडून हाताने काढावा लागतो.

२८ सप्टेंबर

व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲप वेबला आतून चालवणाऱ्या लायब्ररी मिळतात. वापरायच्या नाहीत. ते नियमांविरुद्ध आहे आणि नंबरवर बंदी येऊ शकते. त्याच नंबरवर व्यापारी, मजूर आणि कृषी केंद्रवाले असतात. शेवटचं बोट माणसाचंच ठेवलं. पोस्ट झाल्यावर बॉट टेलिग्रामच्या खासगी चॅटमध्ये तयार मजकूर आणि एक बटण पाठवतो. बटण दाबलं की व्हॉट्सॲप तो मजकूर भरून उघडतं, ग्रुप निवडायचा आणि सोडायचा.

दुव्याखालचं चित्र व्हॉट्सॲपमध्ये पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं. रेंज कमी असेल तर चित्र दिसेपर्यंत थांबून मगच पाठवायचं, नाहीतर सगळ्या ग्रुपला नुसता निळा पत्ता जातो.

पत्त्याबद्दल: देवनागरी पत्ता दिसायला छान, पण कॉपी केला की प्रत्येक कोडपॉइंटची नऊ चिन्हं होतात. 'संत्रा' एवढ्याचीच ५४. वर्डप्रेस वापरणाऱ्यांना अजून एक अडचण येते: तिथे पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे मराठीची फार तर २२ कोडपॉइंट, आणि लांब शीर्षक तिथेच तुटतं. सारख्या सुरुवातीच्या दोन शीर्षकांचे पत्ते मग जवळजवळ एकच होतात. इथे पत्ता वर्ष आणि नोंद-क्रमांकाचा ठेवला.

१२ ऑक्टोबर

आंबिया बहाराची तोडणी तोंडावर आली, भावाच्या नोंदी वाढतील. नेटवर्क पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवतीलच असं नाही. सोमवारचा नागपूरच्या कळमना बाजारातला भाव कुणाच्या फोनवर शुक्रवारी वर येतो, आणि त्या भावावर व्यापाऱ्याशी बोलणी होतात. म्हणून भावाच्या सारांशात पहिल्या ओळीत तारीख, बाजाराचं नाव, एकक (टन की क्विंटल) आणि मालाचा प्रकार. हे चारही नसतील तर पोस्ट अडते. 'आजचा भाव' हे शब्द स्क्रिप्टने नाकारलेल्या यादीत टाकले.

प्रतिक्रिया साइटवर परत आणण्याची सोयही आहे: वेबमेन्शन हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २०१७ चं मानक, आणि ब्रिजी ही सेवा मॅस्टोडॉन-ब्लूस्कायवरची उत्तरं त्यातून पाठवते. फेसबुकसाठी ती चालत नाही, आणि इथले प्रश्न बहुतेक फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच येतात. त्यामुळे ती सोय तूर्त जोडलेली नाही. कुणी मात्रा, अंतर किंवा वेळ विचारली तर उत्तर आधी मूळ नोंदीत 'वाढीव' या भागात लिहायचं, 'दुरुस्ती'ची ओळ भरायची, आणि विचारणाऱ्याला त्याच पानाचा दुवा द्यायचा.